नदीकाठच्या टेरेसवरची माती: परवानगीपासून नावापर्यंत

माझं एम.एस.चं दुसरं सत्र अक्षरशः खड्ड्यात गेलं. मातीचं वर्णन आणि वर्गीकरण हा विषय घेतला की प्रत्येकाला एक जागा निवडून खड्डा घ्यावा लागतो, मातीचं थरवार वर्णन लिहावं लागतं, नमुने तपासून घ्यावे लागतात. शेवटी अमेरिकन पद्धतीप्रमाणे तिचं पूर्ण नाव ठरवायचं आणि तोंडी परीक्षेत ते पटवून द्यायचं. पुढच्या वर्षी इकडे अमेरिकेत येणाऱ्या दोघीतिघींनी आत्तापासून मेसेज करून भंडावून सोडलंय. प्रत्येकीला तुकड्यातुकड्याने सांगण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

मी नगरकडची, राहुरीला शिकलेली. घरची जमीन भारी काळी. उन्हाळ्यात भेगांमध्ये हात जातो आणि पावसाळ्यात चपलेला किलोभर चिखल लागतो. इथे दक्षिण इंडियानात वाट्याला आली ती अगदी वेगळी: पोयट्याची, मध्यम निचऱ्याची, नदीच्या टेरेसवरची माती. नदी पात्र खोल करत गेली की तिची जुनी पूरभूमी पायरीसारखी वर राहून जाते, ती टेरेस. इथल्या टेरेसवर जुना गाळ आहे आणि त्यावर हिमयुगात वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक धुळीचा थर. हिमनद्यांच्या वितळपाण्याने भरलेली पात्रं कोरडी पडली की वारा तिथला पोयटा उचलून आजूबाजूला पसरवायचा. त्यामुळे दगड शोधूनही सापडत नाही. कुदळ मारताना हे सुख वाटतं, पण ते पुरुषभर खोलीपर्यंत टिकत नाही, हे पुढे कळलं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात कागदपत्रं सुरू झाली. विभागाकडून तीन शेतकऱ्यांची नावं मिळाली, जे आधी विद्यार्थ्यांना खणू द्यायचे. त्यातले एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, ज्यांना मी मनातल्या मनात आजोबा म्हणते, त्यांचं गवताचं रान नदीच्या जुन्या टेरेसवर होतं. जागा मी उंचसखलपणाचा नकाशा पाहून निवडली: सध्याच्या पूरभूमीपासून पाचसहा मीटर वर, उतार ३ टक्क्यांच्या आसपास. मृदा सर्वेक्षणाचा नकाशा मात्र मुद्दाम उघडला नाही. प्रयोगशाळेतल्या आमच्या दादाची ही ताकीद होती. तो वऱ्हाडातला, नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरोत काही काळ काम करून आलेला. "नकाशा काहून उघडतेस आधी? मग खड्ड्यात तुले तेच दिसन जे नकाशात लिहिलं हाय." सरांचा असा काही नियम नव्हता, पण माझ्या मते सगळ्या प्रकल्पातला सर्वांत उपयोगी सल्ला तोच. नकाशा फुकट आहे, वेबवर दोन मिनिटांत उघडतो, आणि एकदा नाव वाचलं की डोळे त्या नावाचे पुरावे शोधायला लागतात.

परवानगीचे तीन कागद लागतात. जमीनमालकाची लेखी संमती, त्यात खड्डा बुजवून देण्याची हमी. विद्यापीठाचा क्षेत्रकार्य सुरक्षा अर्ज. आणि विभागाची गाडी हवी असेल तर तिचं आरक्षण, ज्यासाठी इथल्या रस्त्यांवर गाडी चालवण्याचं छोटं प्रशिक्षण आधी झालेलं लागतं. सुरक्षा अर्जात खड्ड्याची खोली विचारतात आणि तिथे नीट विचार करून आकडा लिहा. इथल्या कामगार सुरक्षा नियमांप्रमाणे ४ फुटांपासून बाहेर पडायला शिडी लागते आणि ५ फूट किंवा त्याहून खोल खड्ड्याच्या भिंतींना आधार द्यावा लागतो. मी १२० सेंटीमीटर लिहिले, म्हणजे ४ फुटांच्या जरा आत, आणि खालची माती ऑगरने, म्हणजे हाताने फिरवायच्या गिरमिटाने, काढायची ठरवली. अर्ज एका आठवड्यात मंजूर झाला. आधाराच्या फळ्या लिहिल्या असत्या तर फेब्रुवारी त्यातच गेला असता.

मग ८११. हा देशभर चालणारा फोन नंबर आहे: कुठेही खणण्याआधी कळवायचं, सेवा मोफत. इंडियानात किमान पूर्ण दोन कामाचे दिवस आधी कळवावं लागतं. तुम्ही जागेवर पांढरी झेंडी लावायची, मग ज्यांच्या तारा किंवा नळ जमिनीखालून जातात त्या कंपन्या येऊन आपापल्या रंगाच्या झेंड्या लावून जातात. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी फोन आणि केबल, निळा पिण्याचं पाणी, हिरवा सांडपाणी. रानाच्या मध्यावर काय असणार म्हणून सोडून देऊ नका. आजोबांच्या रानाच्या कडेने जुनी गॅसची लाइन निघाली. खाजगी नळ मात्र ८११ वाले दाखवत नाहीत. शेतातली निचऱ्याची जुनी नळी कुठून जाते ते मालकालाच विचारावं लागतं. आजोबांनी बुटाने जमिनीवर रेघ ओढून दाखवली.

खड्ड्याच्या आधी पाइप. हे का, ते सांगते. मातीत पाणी किती दिवस साचून राहतं यावर वर्गीकरणातला एक पूर्ण स्तर ठरतो, आणि खड्ड्याच्या दिवशी पाणी दिसलं किंवा नाही दिसलं यावरून ते ठरत नाही. जानेवारीअखेर दोन पाइप बसवले: एक ६५ सेंटीमीटरपर्यंत, दुसरा जवळजवळ दीड मीटर खोल, ज्याला फक्त तळाशी छिद्रं आणि वरून बेंटोनाइट या ओलाव्याने फुगणाऱ्या मातीचं बूच. ऑगर ६५–७०च्या पुढे नेताना हात भरून आले, काहीतरी कडक लागतंय एवढं तेव्हाच कळलं. पाइप, बेंटोनाइट आणि झाकणं मिळून ४० डॉलरच्या आत काम झालं. दर रविवारी चर्चहून येताना आजोबा मोजपट्टी बुडवून आकडा वहीत लिहायचे. माझ्या मागे न लागताही त्यांनी एक रविवार चुकवला नाही. जावयाच्या शेतीची एवढी काळजी घेतली नसती, असं त्यांची बायको म्हणाली.

फेब्रुवारीत बर्फ, मार्चमध्ये पाऊस. मार्चअखेर बहुतेकांचे खड्डे झाले होते आणि माझ्या रानात पाणी उभं होतं. वाट बघणं नकोसं झालं होतं, पण सर शांत होते: चिखलात घेतलेल्या खड्ड्याच्या भिंती लिंपल्या जातात आणि मातीची घडण दिसत नाही. माती वाफशावर यायलाच हवी. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात उघडीप मिळाली. हवामान पाहून आठवडाभर आधी कोणतीही तारीख नक्की करू नका, आणि ८११च्या तिकिटाची मुदत संपली नाही ना ते बघा. माझी संपली होती, पुन्हा फोन केला. आजोबांच्या शेजाऱ्याने छोट्या यंत्राने खड्डा काढून दिला, डिझेल आणि वेळेचे १०० डॉलर घेतले. हाताने खणणारेही असतात. तिसऱ्या थरापर्यंत त्यांच्याबद्दल आदर वाटतो, नंतर दया.

सकाळी भिंत तयार करण्यातच दोन तास गेले. ऊन पडणारी बाजू निवडायची, यंत्राच्या दात्यांचे ओरखडे सुरीने काढून टाकायचे. कापायचं नाही, टोकाने उकलायचं, म्हणजे माती आपल्या नैसर्गिक फटींवर सुटते. शेजारी मोजपट्टी खिळ्याने ठोकून फोटो काढला आणि मगच थरांच्या सीमा पाहिल्या. नुसत्या डोळ्यांनी दोनच थर दिसत होते. सुरी टोचत वरून खाली गेलं की हाताला जास्त कळतं.

वरचा २० सेंटीमीटर नांगरटीचा थर: तपकिरी, भुसभुशीत, मुळांनी भरलेला. रंग मुन्सेल पुस्तकात १० वायआर ४/३ जुळला. हे रंगाचं पुस्तक दोनशे डॉलरच्या वर जातं, विकत घेऊ नका, विभागाकडे प्रती असतात. मात्र बरोबर आणलेली प्रत फिकट झालेली नाही ना ते बघून घ्या. ढेकूळ तोडून ताजा पृष्ठभाग घ्यायचा, फवाऱ्याने ओलवायचा, चकाकी जाईपर्यंत थांबायचं, गॉगल काढायचा आणि ऊन पाठीवर घ्यायचं. दुपारी उशिरा उन्हाला पिवळी झाक येते, तेव्हा रंग वाचू नका. मी वरपासून खालपर्यंत सगळे रंग जेवणाआधी उरकले.

२० ते ४५ दुसरा थर, ४५ ते ६८ तिसरा. इथे माती पिवळसर तपकिरी होत जाते आणि चिकणमातीचं प्रमाण वाढतं. पोत हाताने ओळखायचा: थोडी माती ओली करून मळायची आणि अंगठ्याने रेटत पट्टी काढायची. पोयटा बोटांना मैद्यासारखा लागतो, चिकटत नाही आणि खरखरतही नाही. दुसऱ्या थराची पट्टी तीनेक सेंटीमीटरवर तुटली, तिसऱ्याची थोडी लांब गेली आणि बोट चिकटायला लागलं. मी दुसऱ्याला २२ टक्के आणि तिसऱ्याला २९ टक्के चिकणमाती असा अंदाज लिहिला. प्रयोगशाळेत २४ आणि २८ आले. अंदाज वहीत लिहूनच ठेवा आणि नंतर खोडू नका. तोंडी परीक्षेत मूळ वही बघतात.

भिंगातून पाहिलं की ढेकळाच्या पृष्ठभागावर, उन्हात तिरकं धरल्यावर, गुळगुळीत चकचकीत पापुद्रा दिसतो. वरून पाण्याबरोबर उतरलेली चिकणमाती खाली येऊन बसल्याचा हा पुरावा. तो दिसेपर्यंत मी बरीच ढेकळं फोडली. ऊन ढगाआड गेलं की काहीच दिसत नाही, आणि मग आपल्याला आधी तरी खरंच दिसलं होतं का अशी शंका येते.

५४ सेंटीमीटरवर पहिला राखाडी ठिपका. मध्यम निचरा आहे की नाही याचा सगळा कस इथे लागतो. माती साचलेल्या पाण्यात राहिली आणि प्राणवायू संपला की जिवाणू लोहाचा वापर करतात, लोह विरघळून निघून जातं आणि मागे मातीचा मूळ फिका राखाडी रंग उरतो. विरघळलेलं लोह जिथे हवेला भेटतं तिथे नारिंगी डाग पडतात. राखाडीचा क्रोमा, म्हणजे रंग किती ठळक आहे ते सांगणारा तिरक्या रेघेनंतरचा आकडा, २ किंवा त्याहून कमी हवा. माझा १० वायआर ६/२ होता. इथे निचऱ्याचे सात वर्ग मानतात आणि असे राखाडी ठिपके ५० ते १०० सेंटीमीटरच्या दरम्यान सुरू झाले तर साधारणपणे माती मध्यम निचऱ्याच्या वर्गात जाते. ५४ म्हणजे काठावर. मग भिंतीच्या डाव्या, मधल्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळं मोजलं, एकाच जागी पाहून आकडा लिहिला नाही. नांगरटीखालचा एक राखाडी डाग जुन्या मुळाच्या वाटेवर निघाला, तो वेगळा नोंदवला.

आणि ६८ला ती कडक गोष्ट. सुरी थांबली. इथून खाली माती मोठमोठ्या उभ्या खांबांमध्ये विभागलेली होती, खांबांच्या मध्ये राखाडी फटी, एकमेकींपासून सरासरी १५ सेंटीमीटरवर. मुळं फक्त त्या राखाडी फटींमधून खाली गेली होती, खांबांच्या आत एकही नाही. याला फ्रॅजिपॅन म्हणतात. आजोबा त्याला हार्डपॅन म्हणतात आणि त्याच्या नावाने रोज एक शिवी देतात, कारण वसंतात त्यावर पाणी अडतं आणि जुलैत पिकाची मुळं खाली पोचत नाहीत. रानाच्या खालच्या टोकाला क्रेफिशने, म्हणजे गोड्या पाण्यातल्या झिंग्यासारख्या प्राण्याने, केलेली मातीची नळकांडी उभी असतात, ती त्याच अडलेल्या पाण्याची खूण असं ते म्हणाले.

फ्रॅजिपॅन आहे असं नुसतं म्हणून भागत नाही. किमान १५ सेंटीमीटर जाडी, फटींमधलं अंतर सरासरी १० सेंटीमीटर किंवा जास्त, आणि वाफशावर असताना ६० टक्के किंवा जास्त माती घट्ट आणि ठिसूळ हवी. ठिसूळपणा बघायला साधारण तीन सेंटीमीटरचा तुकडा अंगठा आणि तर्जनीत धरून हळूहळू दाब वाढवायचा. वरच्या थराचा तुकडा दबला, पसरला, त्यावर बोटांचे ठसे उमटले. खालचा तुकडा काही वेळ काहीच करत नाही, बोटं दुखायला लागतात, आणि मग टचकन फुटून त्याच्या ठिकऱ्या होतात. मी खांबांच्या मधून आणि कडेने बरेच तुकडे घेतले, प्रत्येकापुढे ठिसूळ किंवा मऊ असं लिहीत गेले आणि त्यावरून दोनतृतीयांशाच्या आसपास अंदाज बांधला. दादाने वेगळी मोजणी केली, त्याचा थोडा कमी आला पण ६० च्या वरच. दोघांनी स्वतंत्रपणे मोजण्याचा फायदा असा की परीक्षेत "कशावरून?" याला उत्तर असतं.

नमुने खालून वर काढायचे, म्हणजे वरची माती पडून खालच्या नमुन्यात मिसळत नाही. प्रत्येक थराचा दीडदोन किलो, पिशवीच्या आत एक आणि बाहेर एक चिठ्ठी, पेन्सिलने. आणि आता सगळ्यात महत्त्वाची खोली: फ्रॅजिपॅन जिथे सुरू होतो त्याच्या ७५ सेंटीमीटर खालचा नमुना. माझ्या बाबतीत ६८ आणि ७५ मिळून १४३. खड्डा १२०लाच संपतो, म्हणून तळातून ऑगर खाली घातला. या एका नमुन्यावर माती अल्फिसॉल की अल्टिसॉल, म्हणजे तिचं सगळ्यात वरचं कूळ ठरतं. आमच्या वर्गात एकाला याच नमुन्यासाठी पुन्हा साठ मैल जावं लागलं.

आजोबांच्या रानाची साधी सुपीकता तपासणी त्यांच्यासाठी वेगळी करून दिली, खणू दिल्याबद्दल तेवढं तरी. तो अहवाल आठवड्यात आला आणि त्यात बेस सॅच्युरेशन, म्हणजे मातीने धरलेल्या धन आयनांत कॅल्शियम, पोटॅशसारख्या अल्कधर्मी आयनांचा वाटा, ७० टक्क्यांच्या वर होतं. वर्गीकरणासाठी तो आकडा चालत नाही. शेतीच्या तपासणीत तो झटपट पद्धतीने काढलेला अंदाज असतो आणि नमुना वरच्या मातीचा, तिथे आजोबांनी वर्षानुवर्षं चुना टाकलेला. वर्गीकरणाला ८.२ सामूवर सगळे धन आयन मोजून काढलेली बेरीज लागते, त्यात आम्लतेचा वाटा मोठा येतो आणि टक्केवारी खाली येते. नमुने देताना पद्धतीचं नाव अर्जावर लिहा, नुसतं बेस सॅच्युरेशन लिहिलंत तर स्वस्तातली पद्धत होईल. माझ्या नमुन्यांचा खर्च, पोत आणि रासायनिक मिळून, ३०० डॉलरच्या आसपास गेला; अर्धा विभागाने दिला. अर्जावर तीन आठवडे लिहिलं होतं, लागले पाच. सत्र संपायला आल्यावर सगळेच एकदम नमुने पाठवतात, म्हणून थांबायची तयारी ठेवा.

मधल्या काळात पाण्यात विरघळण्याची चाचणी घरीच केली. फ्रॅजिपॅनच्या ५ ते १० सेंटीमीटरच्या तुकड्यांना खिडकीत हवेवर पूर्ण वाळवलं आणि काचेच्या भांड्यातल्या पाण्यात अलगद ठेवलं. बाबा व्हिडिओ कॉलवर होते. आधी बारीक बुडबुड्यांच्या माळा निघाल्या, मग कडा सुटायला लागल्या, एक कोपरा घसरला आणि काही मिनिटांत दगडासारख्या तुकड्याचा तळाशी गाळ झाला. निम्म्याहून जास्त थराचे तुकडे असे विरघळले तरच तो फ्रॅजिपॅन; सिमेंटसारखा पक्का बांधलेला थर असता तर तुकडा पाण्यात तसाच राहिला असता. बाबा म्हणाले, "म्हणजे स्वतः पाण्यात टिकत नाही, आणि पाण्याला खाली पण जाऊ देत नाही? मग तो करतो तरी काय?" त्यांना एक ढेकूळ पाठव म्हणत होते. माती टपालाने किंवा सामानातून भारतात नेता येत नाही, रीतसर परवाने लागतात; फोटोवर भागवलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात आकडे आले आणि मी वर्गीकरणाची गुरुकिल्ली घेऊन बसले. ती सुरुवातीपासून क्रमाने वाचायची असते. आपली माती जिथे पहिल्यांदा बसते तिथे थांबायचं. बारा कुळं आहेत. गोठलेली, सेंद्रिय, ज्वालामुखीची वगैरे झटपट मागे पडतात. व्हर्टिसॉल, म्हणजे आमच्या घरची माती, तिच्यापाशी क्षणभर थांबले. इथे भेगा नाहीत, पुढे. अल्टिसॉलपाशी १४३ सेंटीमीटरचा नमुना: बेस सॅच्युरेशन ३५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर अल्टिसॉल. माझा ४६ आला. मॉलिसॉल नाही, कारण वरचा थर पुरेसा गडद नाही. म्हणून अल्फिसॉल. वरच्या थरात चिकणमाती १६ टक्के आणि खाली २४, १.२ पटीची अट होती, इथे दीडपट झाली, शिवाय भिंगातला तो पापुद्रा. पुढे दमट हवामानाची म्हणून युडाल्फ, १०० सेंटीमीटरच्या आत फ्रॅजिपॅन म्हणून फ्रॅजियुडाल्फ.

उपगटाला आजोबांची वही कामी आली. १०० सेंटीमीटरच्या आत कुठलाही थर सामान्य वर्षात सलग २० दिवस किंवा एकूण ३० दिवस पाण्याने भरलेला असेल तर ऑक्सीॲक्विक. फेब्रुवारीपासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लहान पाइपात दर रविवारी पाणी होतं आणि खोल पाइप कोरडा. म्हणजे पाणी खालून चढलेलं नाही, फ्रॅजिपॅनवर अडलेलं आहे. यंदाचा पाऊस सामान्य पट्ट्यात बसतो का हे जवळच्या हवामान केंद्राच्या नोंदींवरून वेगळं दाखवावं लागतं. मार्च जरा जास्त ओला होता, फेब्रुवारी आणि एप्रिल सामान्य. हा मुद्दा अहवालात मोकळेपणाने लिहिला, लपवला असता तर परीक्षेत तिथेच अडकले असते.

शेवटी पूर्ण नाव: फाइन-सिल्टी, मिक्स्ड, ॲक्टिव्ह, मेसिक ऑक्सीॲक्विक फ्रॅजियुडाल्फ. फाइन-सिल्टी म्हणजे चिकणमाती १८ ते ३५ टक्के आणि बारीक वाळू किंवा त्याहून जाड कण १५ टक्क्यांच्या आत. मिक्स्ड म्हणजे मिश्र खनिजं, ॲक्टिव्ह ही चिकणमातीची धन आयन धरण्याची ताकद, मेसिक हा मातीच्या तापमानाचा वर्ग. खनिजांची तपासणी माझ्या ऐपतीत नव्हती, ती शेजारच्या अधिकृत नोंदींवरून घेतली आणि तसं लिहिलं.

मग नकाशा उघडला. तिथे ऑटवेल नावाची मालिका, म्हणजे एका नावाखाली येणाऱ्या सारख्या मातींचा गट, होती, दक्षिण इंडियानातल्या एका गावाच्याच नावाची, आणि तिचं अधिकृत वर्गीकरण हेच. पण त्याच रंगात त्याच अक्षरांनी रानाचं खालचं टोकही दाखवलं होतं, जिथे मी ऑगर घातला तेव्हा राखाडी ठिपके ३० सेंटीमीटरलाच लागले होते. ती माती मध्यम निचऱ्याची नाही, तिच्याहून एक वर्ग खाली आहे. असे नकाशे साधारण १:१२,००० ते १:२४,००० प्रमाणावर केलेले असतात, त्यात एवढा तुकडा वेगळा दाखवताच येत नाही. नकाशाचा यात दोष नाही. त्याला रानातल्या एका कोपऱ्याचा प्रश्न विचारणाऱ्याचा आहे.

तोंडी परीक्षा पाऊण तास चालली. नावापेक्षा वहीवर जास्त वेळ गेला. सगळ्यात अवघड प्रश्न: "एवढे राखाडी पट्टे आहेत, मग ग्लॉसिक थर का म्हणत नाही?" ग्लॉसिक, म्हणजे फिकट माती जिभांसारखी खाली घुसलेला थर, असता तर गटच बदलला असता. त्याला फिकट झालेला भाग आकारमानाने किमान १५ टक्के लागतो. माझ्या वहीत फटींचा वाटा ८ ते १० टक्के असा लिहिलेला होता, खड्ड्यात उभं राहून, तक्त्याशी ताडून. तो आकडा नसता तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून फटी, डाग, मुळं, जे काही दिसेल त्याचं प्रमाण टक्क्यांत लिहा. "थोडे" आणि "बरेच" यांचा परीक्षेत काही उपयोग होत नाही.

आजोबांना अहवालाची प्रत दिली. त्यांचा प्रश्न मात्र वेगळाच होता. नातीला त्याच रानात घर बांधायचंय, तर सेप्टिक टाकी बसेल का? इंडियानात त्यासाठी नोंदणीकृत मृदातज्ज्ञाचा जागेवरचा अहवाल आरोग्य खात्याला द्यावा लागतो, विद्यार्थिनीचा कागद तिथे चालत नाही. ते त्यांना स्पष्ट सांगितलं. एवढंच सुचवलं की तज्ज्ञ येईल तेव्हा खालच्या टोकाला न्या आणि वरच्या बाजूलाही न्या, दोन्हीकडे बघायला सांगा, आणि ती पाइपाची वही दाखवा. जूनमध्ये माणूस येणार आहे.

खड्डा मेअखेर बुजवला. कडक थराची माती खाली, नांगरटीची वर. यंत्रवाल्याला आधीच सांगून दोन वेगळे ढीग करून घेतले होते म्हणून जमलं. पाइप उपटून भोकांत बेंटोनाइट भरलं. आणि माती जमिनीच्या पातळीला आणून थांबू नका, वीतभर उंचवटा ठेवा. दोन पावसांत ती बसते, आणि तिथे खळगा राहिला तर गवत कापायच्या यंत्राचं चाक त्यात जातं, मग पुढच्या वर्षी तुम्हाला त्या रानात कुणी खणू देणार नाही.